घासलेली राणी

१८ ऑक्टोबर, पामर्स्टन नॉर्थ
क्षितिजच्या कपाटात एक नाणं दिसलं. चांदीचं, पण काळंकुट्ट! चिरंजीवांना रोमन नाण्यांचा नाद, स्वच्छतेच्या नावाने मात्र बोंब. एका बाजूला कुणी राणी, डोक्यावर केसांचा अंबाडा. मागे मोर. मोर म्हणजे आपल्यातलाच की! मंगळवारी लक्ष्मीपूजनात ठेवतो.

गेल्या वर्षी शकु गेली, म्हणून आम्ही दिवाळी केली नाही. पूजेची चांदी दरवर्षी तीच घासायची. यंदा मी.

२० ऑक्टोबर
क्षितिज ऑफिसला गेल्यावर बसलो. दंतमंजन, जुना ब्रश. शकुचं निरांजन आधी, मग नाणं. नाणं जास्त चमकलं! स्वतःवरच खूश.

संध्याकाळी —
ओवी शाळेतून आली, बघून किंचाळली. "आजोबा! यू क्लीन्ड इट? डॅड्स गॉना फ्रीक आउट!" नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

क्षितिज ओरडला नाही. भिंगातून बराच वेळ बघत राहिला. "बाबा, अशी नाणी घासत नाहीत हो. अठराशे वर्षांचा काळेपणा होता तो. त्याच्यामुळेच चेहरा उठून दिसायचा." मग भिंग माझ्या हातात दिलं. गालावर चरे. अंबाड्याचे पेड सपाट. "असू दे," म्हणाला अन् आत गेला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं!

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
नाणं पूजेत नव्हतं. मी मागितलं नाही, त्याने दिलं नाही.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. शकु असती तर म्हणाली असती, "विचारायला काय जीभ झडली होती?" झडलीच होती. जन्मभर मला सगळं कळतं, हाच तोरा! फार वाईट वाटतंय. पोराने किती हौसेने घेतलं असेल.

२२ ऑक्टोबर, पाडवा
पाडव्याला शकु मला ओवाळायची. आज कुणी पाट मांडला नाही.

चहा झाल्यावर क्षितिजने एक डबी हातात दिली. आत तेच नाणं. "तुमच्यासाठीच घेतलं होतं, बाबा. आज द्यायला. ही राणी गेल्यावर राजाने तिच्या आठवणीसाठी पाडलेलं आहे हे."

आणि तिचा चेहरा मी पुसून टाकला!