भीमरत्नच्या मनगटाला झेपेल अशी काठी

निपाणी, ता. ९ मे

प्रिय भीमरत्न यास,

निपाणीहून धर्मराजचा कडक जयभीम. तुझे गुडघे, तुझी साखर, लेक मैत्री, जावईबापू आणि कॅनडातलं बर्फ (मे लागला तरी वितळलं नसेल तर तेही) ठीक असेल अशी आशा करतो. माझं बरं चाललंय. बीपीची गोळी रोज घेतो. कधीमधी दोनदा घेतो, कारण सकाळी घेतली का न्हाय हे सांगायला आता घरात तुझी पारूवहिनी न्हाय. (हे सहज लिहिलं. लगेच फोन करून मला डोस पाजू नकोस.)

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मला तुझं कपाळ आणि वरचं छत एवढंच दिसतं, आणि मी मुद्द्यावर आलो की तुझं ‘आवाज तुटतोय’ सुरू होतं. मागल्या महिन्यात विचारलं, चार वर्षं झाली, यंदा थंडीत येतोस काय? तर म्हणालास, ‘आता तिथं येऊन करू काय रं? हितं निदान नदीवर मासे धरत बसतो.’ मला त्याचं काही वाटलं न्हाय. नंतर दोन दिवस जेवण गेलं न्हाय, ते उन्हाळ्यामुळं.

तर ऑगस्टात तुला सत्तर पूर्ण होतात. कार्बनची ताठ गळाची काठी तुझ्या हाताला सोसत न्हाय, शेजाऱ्याची जुनी फायबरची काठी कशी अगदी मुठीपर्यंत वाकते, आणि ती उसनी मागताना तुला कसं ओशाळल्यागत होतं, हे तू मला चाळीस मिनिटं सांगितलंस (तेव्हा आवाज तुटला न्हाय). म्हटलं, ह्याला हक्काची काठी घेऊन द्यायची. पार्सल करतोच आहे, त्याआधी ही हकीकत वाच. आणि जाता जाता सांगतो, जत्राटच्या पुलाखाली वेदगंगेला यंदा मासा लई झालाय.

निपाणीच्या बाजारात गळाची काठी मागितली की बांबू पुढं करतात. फायबरची म्हटलं तर दुकानदार म्हणाला, ‘फायबरचं सगळं मच्छे गावात मिळतंय, गुरुजी.’ मग काय, गेलतो की बेळगाव गाठून मच्छ्याला! तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत आण्णाप्पा नावाचा गृहस्थ फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवतो. त्यानं सगळं मन लावून ऐकलं, ‘माडोण सर, माडोण,’ म्हणजे करू या, म्हणाला आणि आठ दिवसांनी माझ्या हातात नऊ फुटी हिरवा दांडका ठेवला. हा वाकतो काय, असं विचारलं तर बिचारा दुखावला. ‘वाकंल कसा सर? हत्ती बांधा.’ इतक्या मायेनं बनवलेली वस्तू नको कशी म्हणायची? घेतली. येताना बसमध्ये तो दांडका आडवा धरून बसलो, तर संकेश्वरपर्यंत लोक त्याला धरून उभे राहिले. सध्या त्यावर माझे कपडे वाळतात.

शेवटी बेंगळुरूच्या एका दुकानाचा नंबर मिळाला. फोनवरचा माणूस सभ्य होता, पण चौकशी अशी की आपल्या वेळी मुली बघायला जाताना झाली नसेल. नदी अरुंद का रुंद? मासा केवढा? धरणारा घाईचा का निवांत? खांदा कसा, मनगट कसं? मी छाती फुगवून सांगितलं, गडी काटक आहे, सायकलवर मला डबलसीट घेऊन चिकोडीला जातो, उतारावर ब्रेक लावत न्हाय, मनगट म्हणजे लोखंड. त्यानं वय विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, आताचं मनगट सांगा.’

आता ते मला काय ठाऊक? बालवाडीपासून बिडीच्या कारखान्याबाहेर आपल्या आयांची वाट बघत एकत्र बसलो, टाचणी वाकवून एकाच गळावर मासे धरले, आणि तुझं मनगट कसं आहे ते मला सांगता येईना. हात थरथरतो का? कप धरताना दुखतो का? तू सांगत न्हाईस आणि मला कपाळापलीकडं दिसत न्हाय. लई वाईट वाटलं. शेवटी माझंच मनगट कसं आहे ते त्याला सांगून टाकलं. आपण एका वर्षाचे, फार फरक नसावा.

काठी आली. मधाच्या रंगाची, चार तुकड्यांची, वजनाला काही न्हाय. पहिली बघितली ती शेजारच्या नागुबाईंनी (विहारात पहिल्या रांगेत बसतात त्या). ‘धर्मराजभाऊ, जीव मारू नये हे पहिलं शील विसरला काय?’ म्हटलं, बाई, तिकडं मासा मारत न्हाईत, धरतात आणि सोडून देतात. तर म्हणाल्या, ‘मग धरतात कशाला?’ ह्याचं उत्तर भीमरत्नला विचारतो म्हटलं. तुला येत असलं तर कळव.

भेट द्यायची वस्तू तपासून द्यावी म्हणून गच्चीवर गेलो. गळाला पिसांची खोटी माशी असते, तिला वजन नसतं, म्हणून दोरी आधी पाठीमागं भिरकावायची आणि मग पुढं सोडायची. माझं सगळं लक्ष पुढं. पाठीमागं नागुबाईंची गच्ची, तिथं बाजेवर पातळ अंथरून शेवया वाळत घातलेल्या. मी झटका दिला आणि गळात अडकलेलं पातळ शेवयांसकट निघालं. निम्म्या माझ्या अंगावर, निम्म्या मधल्या बोळात. काठी मात्र झकास वाकली, अगदी मुठीपर्यंत! बाई दोन तास मला फैलावर घेत होत्या आणि मी मांडी घालून शेवया निवडत होतो. खरं सांगू? पारू गेल्यापासून माझ्याशी कुणी सलग दोन तास बोललं नव्हतं. त्या उठल्या तेव्हा मला करमेना.

असो. वाढदिवसाच्या आधी काठी पोचेल. मैत्रीला आशीर्वाद.

तुझा,
धर्मराज
(निवृत्त मुख्याध्यापक, सध्या वर्ग रिकामा)

ता. क. : वेदगंगेला मासा लई झालाय ते खोटं. पाणी घोट्याएवढं आहे. तीन संध्याकाळी काठी घेऊन बसलो. एक बेडूक आला, तोही गेला.

आणखी एक ता. क. : आज पोस्टात गेलतो. तिथल्या बाईंनी तुझा पत्ता वाचला, वजन केलं, आणि मी पार्सल परत मागून घेतलं. काठी पाठवत न्हाय. न्यायला ये. मागची खोली झाडून घेतलीय, पलंग खिडकीशी लावलाय. मला एकट्याला लई जड जातंय रं, भीमा. यायचं ठरलं की मैत्रीला मेसेज टाकायला सांग. तू फोन करू नकोस, मला रडू येईल आणि भिंतीपलीकडं नागुबाई कान लावून असतात. आणि यायचं नसलं तर काहीच कळवू नकोस. म्हणजे मला वाट बघता येईल.