पाच महिन्यांनी धाकटी

बाबा, आज रामदासपेठेतल्या व्हिसा एजंटकडे पुन्हा जाऊन आले. धाकटीकडे जायचं आहे. लग्न होऊन परदेशात गेली त्याला तीस वर्षं झाली. नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि येत्या गुरुवारी तिच्या मेंदूचं ऑपरेशन आहे. शुद्धीवर येईन तेव्हा आपलं माणूस समोर असावं, एवढंच तिचं म्हणणं. आपलं माणूस आता मी एकटीच उरलेय. त्या आपल्या माणसाला दोनदा व्हिसा नाकारला, आणि रागावू नका, पण त्याला कारण तुम्ही आहात.

कुहीच्या शाळेत तुम्ही हेडमास्तर होतात. नाव घालायला आणलेल्या पोरांची जन्मतारीख आईबापांनाच ठाऊक नसायची. मग उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं धरायचं आणि एक जुलै लिहून टाकायचं, हा तुमचा हिशोब. निम्मं कुही एकाच दिवशी जन्मलं, त्यात मीही. पण मी शाळेत एकटी बसेना. रडून रडून वर्ग डोक्यावर घ्यायचे. शेवटी दीड वर्षाने लहान असलेल्या धाकटीला तुम्ही टेबलापाशी उभं करता. तिचा हात कानाच्या बराच वर थांबतो. तुम्ही शेजारच्या गुरुजींना सांगता, "पोचला गा, लिही," आणि डिसेंबर सांगता. माझ्यानंतर पाच महिन्यांनी. तीच तारीख दाखल्यावर गेली, तीच पासपोर्टावर.

आणि हेच तुम्ही! आजारी असल्याची खोटी चिठ्ठी मी आईच्या नावाने लिहिली, तेव्हा स्वयंपाकघरात तिच्यासमोर मला उभं केलंत. आई भाकरी थापायची थांबली होती. मारलं नाहीत, नुसतं म्हणालात, "बोललेलं माणूस विसरते. कागद नाही विसरत." स्वतः मात्र ते सोयीस्करपणे विसरलात.

मुंबईच्या वकिलातीत चार तास उभी होते. पर्स, फोन, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर ठेवायला लावली. काचेमागे साहेब, शेजारी त्याचं बोलणं मराठीत सांगणारी मुलगी. "तुमची दोघींची आई एकच का?" एकच. "मग बहीण पाच महिन्यांनी कशी झाली?" मी म्हटलं, आमचे बाबा हेडमास्तर होते. ते साहेबाला काय कळणार! "वडिलांना दोन बायका होत्या का?" आईला न विचारता स्वतःला चपला घेत नव्हतात तुम्ही. आधी हसूच आलं, मग इतकी चीड आली की पुढची उत्तरं धड देता आली नाहीत. दोन मिनिटांत कागद परत.

एजंट पोरगेलासा आहे, पण बोलायला मऊ. म्हणाला, "काकू, त्याहिनं जुळ्या तरी लिहाच्या होत्या. जुळ्या चालते." आज त्याने शपथपत्र पुढे केलं. वडिलांनी धाकट्या मुलीची तारीख जाणूनबुजून खोटी दिली, असा मजकूर. मी पेन धरून बसले, तर म्हणाला, "काहून विचार करून राहिल्या? मेलेल्या माणसाचं काय बिघडते?" केली सही. माझ्याच रडण्यापायी लिहिली होतीत, हे त्यात कुठे घालणार? बाबा, थकले आता. फोटोचं माप चुकलं, बँकेचा शिक्का पुसट आला, सगळं निस्तरलं. आता उत्तर यायला पंधरा दिवस लागतील, आणि आज सोमवार आहे.

घरी येऊन चप्पल काढते तोच तिचा फोन. आवाज खूप खोल गेलाय. "ताई, व्हिसा झाला का वं?"

मी म्हटलं, "झाला. तू डोळे उघडशील तवा मी तिथंच बसून असीन."

ती हसली. कित्येक दिवसांनी नीट हसली आणि मग चिवड्याचं काय काय आणायचं ते सांगत बसली. मी लिहूनही घेतलं.

हे पत्र कुठे टाकणार, फायलीतच राहील. तिला पुन्हा फोन करून खरं सांगावं, असं संध्याकाळपासून चाललंय मनात. पण मी सांगणार नाही, बाबा.