यादीतलं पहिलं नाव

प्रिय मार्नी,

पाकिटावर अलास्काचा शिक्का बघून घाबरू नकोस, माझे दोन्ही हात शाबूत आहेत. मासे साफ करायच्या कारखान्यात लागलोय. बारा तास उभं राहायचं, पट्ट्यावरून आलेल्या माशाचं पोट फाडायचं, पुढे ढकलायचा. आधी तेलाच्या विहिरी, मग सफरचंदाच्या बागा, आता हे. मी कुठेच बूड टेकत नाही म्हणून आई ओरडते, ते खरंच आहे.

रविवारी तिचा फोन आला होता. नव्या खासदारबाईंनी चौदा तारखेला गावात सभा ठेवलीय म्हणे. नौदलाच्या अकादमीसाठी मुलं निवडायची पद्धत बदलायचीय त्यांना. अर्जावरची नावं झाकायची, समितीत देणगीदार नकोत, आणि खासदाराने दहा जणांची यादी द्यायची, पण त्यातलं कुणाला 'मुख्य' म्हणायचं नाही. दहांतून अकादमीनेच गुणांवर निवडायचं. आणि तू रजा घेऊन येणार, उठून सांगणार, की जुनंच बरं होतं. आई अभिमानाने नुसती फुगली होती. "मार्नी म्हणते, माझ्या मागे कोण होतं? चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहणाऱ्याची पोर मी. तरी घेतलंच ना मला?" मी "हो का" म्हणालो आणि फोन ठेवला.

तू अकादमीचा अर्ज भरलास तो सप्टेंबर आठवतो तुला? तू आणि जोलीन पाठीवरच्या पिशवीत विटा भरून खडीच्या रस्त्यावर धावायचात. मग आपल्या टेबलावर तिच्या आईने दिलेले खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, खात एकमेकींना गणितं घालायचात. मी आत आलो की जोलीन म्हणायची, "लायल, तूही भर की अर्ज. नौदलात जहाज धुवायला कुणीतरी लागतंच." दहावीत शाळा सोडलेल्या माणसाला यादीची भानगड तूच समजावलीस. पहिलं नाव मुख्य ठरलं आणि ते पात्र निघालं, की खालच्या नऊ जणांनी कितीही गुण आणले तरी उपयोग नाही. "पहिली एक तर मी, नाहीतर जोलीन," तू म्हणालीस. "आणि खरं सांगू? गणितात ती माझ्यापेक्षा भारी आहे."

समितीचा अध्यक्ष वर्नन हॅव्हलिक. त्याच्याच दुकानात मी ट्रॅक्टर धुवायचो.

आता नीट वाच. त्या शनिवारी दुपारी चर्चची पाटी पाडून पिकअप पेट्स्काबाईंच्या ओसरीत घुसली, तेव्हा ती मी चालवत नव्हतो. हॅव्हलिकचा पोरगा ट्रेंट चालवत होता, पिऊन तर्र. मी बाजूला बसलो होतो. कुणाला लागलं नाही. शेरीफच्या आधी हॅव्हलिक पोचला. पोराला बाहेर ओढलं आणि मला म्हणाला, "ट्रेंटचं कॉलेज जाईल रे. तुझं काय जायचंय?" टोमणा नव्हता तो. यंदा मका बरा आहे म्हणावं, तसं म्हणाला. मी म्हटलं, "माझी बहीण यादीत पहिली." त्याने ट्रेंटला आपल्या गाडीत ढकललं. "ती तशीही चांगली पोर आहे," म्हणाला. मी सरकून स्टिअरिंगमागे बसलो.

तुरुंगात तीस दिवस काढले. तू एकदाच आलीस. "माझ्या मुलाखतीच्या आठवड्यातच सुचलं तुला? आता सगळे म्हणणार, दारुड्याची बहीण." तू रडत होतीस आणि मला मनातून हसू येत होतं. एवढी ऐट होती मला! पुढे ज्या ज्या खोलीत राहिलो तिथे तुझा पांढऱ्या गणवेशातला फोटो भिंतीवर लावला. मनात म्हणायचो, हे माझं काम.

मागच्या हिवाळ्यात घरी आलो होतो, तेव्हा जोलीन किराणा दुकानात भेटली. वृद्धाश्रमात काम करते, म्हाताऱ्यांना अंघोळी घालते. "मार्नीला सांग, तिचा फोटो माझ्या फ्रिजवर आहे," म्हणाली. "आमच्या दोघींतली एक तरी गेली." मी हातातली टोपली तिथेच ठेवून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी बस पकडली. का, ते आईला अजून कळलेलं नाही.

जोलीनची संधी मी हिरावली, हे तर आहेच. पण इथे पट्ट्यापाशी उभं राहून दुसरंच डोक्यात फिरतं. कदाचित तू आधीच पहिली असशील. ते बघायला मी थांबलोच नाही. तुझ्यावर माझा विश्वास नव्हता, असाच त्याचा अर्थ होतो ना? हॅव्हलिक तर वारला. तू स्वतःच्या जिवावर गेलीस की माझ्या सौद्यावर, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. हे मी तुझ्याकडूनच चोरलं, मार्नी, आणि ते परत कसं करतात मला माहीत नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर माझी जीभ उचलली नसती. चौदा तारखेला, माझ्या मागे कुणी नव्हतं, असं म्हणू नकोस. मी होतो. तू गप्प बसलीस तर मीही बसेन, जन्मभर. तू खरं सांगितलंस तर माझं नाव खुशाल घे. पण मी सुट्टी काढून येतोय, मागच्या रांगेत असेन. तू तेच वाक्य म्हणालीस, तर मला उभं राहावं लागेल. आणि चारचौघांत मला बोलता येत नाही, तुला माहितेय.

मान खाली घालून, तरीही तुझाच,
लायल