माती भिंतीवर चढत नाही

प्रिय ठमाबाई,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धा राग गेला असणार. उरलेला खुशाल ठेव, पण आधी बापाची फजिती ऐक.

आमच्या क्लबच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी बावीस वर्षं मीच राखतोय. गेल्या महिन्यात सावलीकडच्या बाजूला, तळाशी आणि भिंतीवर, मळकट थर दिसायला लागला. मी म्हटलं, माती, वाऱ्याने आली असेल. पाइप लावून ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी थर पुन्हा तिथेच! पुन्हा ओढली. असे सहा दिवस. शेवटी मॅनेजर म्हणाला, रविवारी पोरांच्या शर्यती आहेत, तोवर पाणी लख्ख झालं नाही तर दुसरा माणूस बघावा लागेल. हे पाणी सुटलं तर मी दिवसभर करू काय? तुझ्या आईच्या भाज्या निवडू?

शुक्रवारी ती डबा घेऊन आली. जन्मात त्या पाण्यात न उतरलेली बाई, पण काठावर बसून पाय सोडले, अंगठ्याने भिंत चोळली आणि म्हणाली, अहो, माती कधी भिंतीवर चढते का? बुळबुळीत लागतंय, शेवाळ आहे हे. मोऱ्या घासण्यात जन्म गेलाय माझा! मी हट्टाला पेटलो. शेवाळ हिरवं असतं, हे तर तपकिरी आहे, मला शिकवतेस? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, अहो, पोपटासारखं हिरवं आहे हे.

मी माझाच पांढरा मोजा काढला, त्यात क्लोरीनची पूड भरली, काठीला बांधून डागावर धरला. माती असती तर ढिम्म राहिली असती. आईने वाकून पाहिलं आणि टाळीच वाजवली, डाग फिका पडला होता! मग काय, मी ब्रशने घासतोय आणि ती काठावरून, इकडे राहिलं, तिकडे राहिलं, असा हुकूम सोडतेय. औषध टाकलं, फिल्टर चालू ठेवला. रविवारी सकाळी तळाच्या फरश्या मोजून घ्याव्यात असं पाणी! पोरांनी धडाधड उड्या मारल्या. मी मॅनेजरला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. तो हसला, म्हणाला, काका, आधी डोळे करून या, तलाव कुठे पळून जातोय?

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एकाचं ऑपरेशन झालं, काल पट्टी सुटली.

आता जे सांगायचंय ते. तू बाळाचा फोटो पाठवलास आणि मी नुसतं 'छान' म्हणून फोन आईच्या हातात दिला. तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलली नाहीस. बाबांना नातीचं कौतुक नाही, असंच वाटलं ना? ठमे, मला ती दिसलीच नव्हती गं. दिसत नाही म्हटलं तर काम जाईल, या भीतीने मी कुणालाच बोललो नाही, तुलासुद्धा नाही. चुकलं माझं. काल पट्टी सुटल्यावर पहिला तोच फोटो मागून घेतला. हनुवटीला खळी आहे तिच्या! आणि एक भुवई वर करून बघते, थेट तुझ्या आईसारखी. डॉक्टरीणबाई ओरडल्या तरी मी फोन सोडेना. घेऊन ये तिला. उथळ पाण्यात मी धरतो, तू काठावर बसून बघ.

तुझाच आंधळा होता होता वाचलेला,
बाबा