अंगठ्याचा व्रण

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय बेबी,

तुला आणि तुझ्या घरच्यांना अनेक आशीर्वाद. अक्षराकडे बघू नकोस, हात हल्ली फार थरथरतो. शाळेतल्या सिस्टरनी हे पान पाहिलं असतं, तर मला अजूनही बाकावर उभं केलं असतं.

आई बरी आहे. जेवण जातं. डोळ्यांनी मात्र आता काहीच दिसत नाही. वरची तुझी खोली एका मुलीला दिली, हे मागे कळवलं होतंच. ती नदीच्या प्रयोगशाळेत आहे. पाण्यात जाळी रोवून उभी राहते, प्रवाहाच्या वरच्या अंगाचे दगडगोटे पायाने ढवळते आणि वाहून आलेले किडे, गोगलगायी, शिंपले पांढऱ्या ट्रेमध्ये निवडत बसते. आपले एकीकडे, बाहेरून आलेले दुसरीकडे. बघताना मला आपण आठवायचो, फ्रॉकच्या ओच्यात शिंपले भरून आणणाऱ्या.

परवा तिने मला आपल्या नदीतला शिंपला दाखवला. तळहाताएवढा होता, पण दिसतच नव्हता. नखाएवढे पट्टेरी, परके शिंपले बारीक दोऱ्यांनी त्याला अंगभर चिकटलेले. मी म्हटलं, मेला बिचारा.

"मेला कुठे, ताई? आत जिवंत आहे. तोंड उघडायला जागा नाही, एवढंच."

यांचं भांडण होतं का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. परक्यांना टेकायला फक्त काहीतरी टणक लागतं. कुठेकुठे दोघं वर्षानुवर्षं एकत्र राहतात. मऊ गाळ असेल, तर आपला शिंपला त्यात खोल शिरून त्यांना अंगावरून घासून टाकतो. आपल्या काठाला गाळ उरलेला नाही गं. नुसते दगड.

आता जे टाळत होते ते लिहिते.

उन्हाळ्यात शिंपल्याच्या धारेने तिचा हात कापला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी. लहानपणी तुझा कापला होता, तिथेच. जखम भरल्यावर एकदा आईला पाणी देताना तिचा हात आईच्या हातात आला. आईने व्रण चाचपला, पुन्हा चाचपला.

"बेबी, कधी आलीस गं?"

मला वाटलं, ती हसून खरं सांगेल.

"मगाशीच, आई," ती म्हणाली.

दयेपोटी म्हणाली असेल. मुलगी वाईट नाही, हे मी स्वतःला रोज बजावते. आईच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली आहे. आधी आई तिला तुझ्या गोष्टी सांगायची. हल्ली तीच आईला सांगते. गोवर आला तेव्हा तू पडद्याचा कोपरा चघळायचीस ना? तो पडदा हिरवा होता, असं ती परवा म्हणाली. होता खरा हिरवा. आईने रंग सांगितलेला मी तरी ऐकला नाही.

तिचं अंथरूण आता आईच्या खोलीत आहे, माझ्या जागी. "आईला रात्री मीच लागते, अगं ताई." मला अगं म्हणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझी उशी आणि चष्म्याचं घर मला वर, तुझ्या खोलीत सापडलं. कुणी नेलं, ते विचारायचा धीर झाला नाही.

तू येणार आहेस, हे मी आईला सांगितलं. आईने माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग अगदी अदबीने म्हणाली, "बेबी घरातच आहे. तुमची खोली वरची ना? मग तुम्ही खाली काय करताय?"

बेबी, तुझा व्रण अजून हाताला लागतो का? लागत असेल तर लवकर ये. काही बोलू नकोस, नुसता हात आईच्या हातात दे. मला अजून ताई म्हणणारं, आणि ते खरं असणारं, तूच एक उरली आहेस.

माझा हात थरथरतो, म्हणून पुढची पत्रं तीच लिहून देत जाईल, असं म्हणते. तिचं अक्षर फार सुरेख आहे, आपल्याला शाळेत शिकवलेलं, तसंच वळणदार. तसल्या अक्षरात "इथे सगळं ठीक आहे, येण्याची घाई करू नकोस" असं आलं, तर त्याच दिवशी निघ.

तुझी, वाकड्यातिकड्या अक्षरातली,
ताई