मागच्या रांगेतली जागा

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही होतात तेव्हा ते जमलं नाही. तुमच्यासमोर आवाज चढवायची आपल्या घरात पद्धतच नव्हती.

दहिसरच्या चाळीतला तो गणपती आठवा. मी आठवीत होते. मुलींचा दरवर्षी नाच बसायचा आणि त्या वर्षी त्यांनी मला घेतलं नाही. भांडण नाही, काही नाही. मी जिन्यात दिसले की गप्प व्हायच्या, पुढे गेले की मागून हसू. माझी जिवलग मैत्रीण, रोज माझ्या डब्यातली चपाती खाणारी, तीसुद्धा मला बघून चपलेचा पट्टा लावत बसायची. काय चुकलं विचारलं तर म्हणाली, "कुठे काय? तुलाच वाटतं." मारलं असतं तर वळ तरी दाखवला असता. हे कसं दाखवायचं? शेवटी जेवताना रडू फुटलं आणि आईने थोडंफार काढून घेतलं.

तुम्ही मंडळाचे सेक्रेटरी. पुढचं ऐकायलाही थांबला नाहीत. "तू गप रव गो. मी बघतंय," म्हणालात आणि बघितलंत. माझी पोर नाचात नसेल तर नाचच होणार नाही, असं त्या मुलींच्या आयांना ठणकावून आलात. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, मागच्या रांगेत उभी राहा. मी राहिले. वाईट कोणी बोललं नाही. कोणी काहीच बोललं नाही. संध्याकाळी माझ्यासमोर एक नाच करायच्या आणि मी घरी गेले की गच्चीवर दुसराच बसवायच्या. हे मला कळलं ते थेट मांडवात, सगळी चाळ समोर बसलेली असताना. सगळ्या उजवीकडे वळल्या, मी एकटी डावीकडे. लोक हसले. त्यांना वाटलं, पोरगी गोंधळली. मला मात्र तिथल्या तिथे मरावंसं वाटलं. तुम्ही जोरजोरात टाळ्या वाजवत होतात. घरी आल्यावर आईला म्हणालात, "झाला मा सगळा नीट?" तुम्ही इतके खूश होतात की मीच हो म्हटलं.

आज हे उकरून काढलं ते तुमच्या नातीमुळे. आम्ही आता मुलुंडला असतो. तिच्या मैत्रिणींनी तिला फोनवरच्या ग्रुपमधून काढलं आणि तिच्याशिवाय नवा ग्रुप केला. माझं डोकंच फिरलं. तुमचीच लेक ना. एकीच्या आईला फोन लावणार, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "फोन नको करूस. तू नुसती बस ना इथे."

मग बसले. खूप वेळ रडली ती, मग हळूहळू सांगत गेली. मधे बोलायला माझी जीभ शिवशिवत होती, पण गप्प राहिले. उद्या तिला त्याच वर्गात जायचंय आणि ते मला बदलता येणार नाही. सांगून झाल्यावर ती माझ्या मांडीवर झोपली.

तुमचा जीव होता माझ्यावर, हे मला कळतं. चाळीतले लोक अजून तुमचं कौतुक करतात, मीही करते. पण नक्की काय झालं, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. तो राग अजून आहे, बाबा. हे पत्र तुम्ही असतात तरी दिलं नसतं. वाचल्या वाचल्या शर्ट अडकवून तुम्ही पुन्हा त्या बायकांच्या दारात गेला असता.