सफरचंदांशेजारी ठेवलेले कंद

प्रिय कौसल्या,

जयभीम. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. गेलेलं माणूस पत्र वाचत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत आलो. पण हे दुसऱ्या कुणाला विचारू? तुझ्या ट्यूलिपला पानं आलीत, कळी अजून दिसत नाही.

आपल्या लेकीनं, वंदीनं, दिल्लीहून कंद पाठवले तेव्हा मी म्हणालो होतो, "हे काश्मीरचं फूल. आपल्या पुंडलिकनगरच्या उन्हात कसं यायचं?"

तू म्हणालीस, "त्याला थंडीच पाहिजे ना? मग आपला फ्रिज कशाला हाय?"

कागदी पिशवीत घालून तू ते भाजीच्या कप्प्यात ठेवलेस. शेजारच्या मंगलबाई हसल्या, "वैनी, फ्रिजात शेती करता व्हय?" तू म्हणालीस, "व्हय. अन् तुमाला बांधावर बी उभं करणार नाय."

लावायचे कधी, किती खोल, सगळं मला सांगून ठेवलंस. मग फळांचं का नाही सांगितलंस?

तू गेलीस आणि माणसं भेटायला येऊ लागली. अशा घरी रिकाम्या हातानं कोण येतं? उस्मानपुऱ्याची तुझी बहीण, शेंद्र्याचे भाऊ, सगळ्यांनी सफरचंदं आणली. पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत फळं घरात मावेनात. सुनेनं, आपल्या रेखानं, ती फ्रिजमध्ये भरली. तुझ्या पिशवीला लागूनच.

थंडी पडल्यावर मी कंद कुंडीत लावले. नंतर फोनवर बोलता बोलता वंदीला सफरचंदांचं सांगितलं. कंद त्यांच्याशेजारी किती दिवस होते, ते तिनं विचारलं. मग म्हणाली, "बाबा, पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूनं कंदातलं फूल आतच मरतं. पानं येतील. फुलाचं सांगता येत नाही."

रेखा तिथंच उभी होती. फोन स्पीकरवर होता, तिनं सगळं ऐकलं.

तेव्हापासून मला चैन नाही. ऊन चढलं की कुंडी जिन्याखाली ओढतो, उतरलं की बाहेर. माती ओली आहे की नाही, सारखं बोट घालून बघतो. नवस बोलणारी माणसं बरी, नारळ कबूल करून निवांत होतात. आपल्यात तेही नाही.

काल राहवलं नाही. पानं फाकवून आत बघायला गेलो, तर रेखानं हात धरला.

"ऱ्हाऊ द्या मामा. पान मोडंल."

"नुसतं बघतो गं."

"मी बी रोजच बघते," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

कौसल्या, लोकांनी मायेनं आणलं, तिनं मायेनं ठेवलं. बोल कुणाला लावू? फूल आलं नाही तरी रेखाला मी एका शब्दानं बोलणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला बोलूही देणार नाही. हा माझा शब्द.

पण आत फूल जिवंत आहे का, एवढं कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल, रेखाच्या स्वप्नात जा. लवकर जा. पोरगी धड जेवत नाही.

तुझा,
उत्तम